ठिपका दुसऱ्या टोकाला

मित्रांनो, 'मी एक जुना डबा आहे' अशी सुरुवात करायला मला आवडलं असतं, पण डबा आता माझ्याकडे राहिलेला नाही. तो केव्हाच दुसऱ्याला देऊन टाकला. माझ्याकडे उरली आहे ती तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर पिवळ्या पट्टीत गुंडाळलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं, चार-दोन सुटे भाग आणि एका कोपऱ्यात जळाल्याचा काळा डाग. मी कन्व्हर्टर आहे. बॅटऱ्यांकडून अट्ठेचाळीस व्होल्टचा दांडगा दाब घ्यायचा आणि दिव्यांना सोसेल असा बारा व्होल्टचा करून द्यायचा, हे माझं काम. ज्या घरात मी जन्मलो तिथे मला 'दुपदरी' म्हणायचे. हे नाव का पडलं ते सांगतो, पण आधी माझी माणसं सांगायला हवीत. माझं जे काही भलं-बुरं झालं ते त्यांच्याच हातून झालं.

घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती. पूर्वी तिथे पंक्चर सायकली आणि पाय मोडलेल्या खुर्च्या नांदत होत्या. वहिनी, म्हणजे त्या घरची सून, शिकलेली इंजिनीअर. तिने तो सगळा पसारा बाहेर काढला, खिडकीशी एक लांब टेबल टाकलं आणि तिथे आपला कारखाना सुरू केला. टेबलाच्या एका टोकाला वहिनी बसायची. तिच्यासमोर सोल्डरिंगची बंदूक, मीटर आणि आकडेमोडीचे कागद असत. दुसऱ्या टोकाला वन्सं, म्हणजे वहिनीची नणंद. त्यांच्यासमोर हाताने फिरवायचं एक छोटं चाक असायचं. त्या चाकावर त्या केसापेक्षा थोडी जाड अशी तांब्याची तार गुंडाळून वेटोळी तयार करायच्या. वहिनीचा नवरा नोकरीपायी कायम फिरतीवर. घरी आला की चहा प्यायचा, दोघींचं तोंड भरून कौतुक करायचा आणि पुन्हा बॅग भरायचा. या गोष्टीत त्याचं काम एवढंच.

वन्संचा हात म्हणजे काय सांगू तुम्हाला! तारेचा एक वेढा दुसऱ्यावर चढायचा नाही, की दोघांत फट राहायची नाही. गुंडाळताना त्या पुटपुटत मोजायच्या, आणि मोजताना कोणी हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत. घराला आग लागली तरी आधी थर पुरा करतील आणि मग पाणी आणतील, असं वहिनी त्यांना चिडवायची. त्यावर वन्सं म्हणायच्या की तुझ्या गणितापेक्षा माझं मोजणं खरं, तुझ्या गणिताला खोडरबर लागतं, मला नाही. दोघी हसायच्या. ते हसणं मी पुष्कळ ऐकलं आहे, म्हणून पुढचं सांगताना मला जास्त लागतं.

आता एक बारीकशी गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं आयुष्य तिच्याभोवती फिरलं. तार गुंडाळली की तिला दोन टोकं राहतात, एक सुरुवातीचं आणि एक शेवटचं. वरून पिवळी पट्टी बसली की कुठलं टोक कुठलं, हे ब्रह्मदेवालाही ओळखता येत नाही. म्हणून गुंडाळून होताच वन्सं सुरुवातीच्या टोकावर नेलपॉलिशचा एक ठिपका लावायच्या. ती गुलाबी बाटली वहिनीनेच त्यांना हौसेने आणून दिली होती, नखांना लावा म्हणून. तांब्याच्या तारेत नखं कुठे टिकतात, असं म्हणत वन्संनी ती वेटोळ्यांसाठी ठेवून घेतली. स्वतःच्या नखांना त्यांनी ती एकदासुद्धा लावली नाही. वहिनी तो ठिपका बघायची आणि डोळे मिटून सोल्डर करायची. तपासून बघायची साधी सोय होती, पण तिने कधी तपासलं नाही. वन्संचा ठिपका तपासायचा म्हणजे घरच्यांनी वाढलेलं ताट हुंगून बघण्यासारखं तिला वाटत असावं.

माझ्या जन्माचं कारण होते बोटवाले काका. गावाला लागून मोठी नदी होती आणि तिच्यावर काकांच्या बोटी माणसांना इकडून तिकडे नेत. काकांनी डिझेलचं इंजिन काढून बोटींना बॅटरीवरची मोटर बसवली. मोटरला अट्ठेचाळीस व्होल्ट लागत, पण बोटीवरचे दिवे, भोंगा आणि वायरलेस हे सगळं बारा व्होल्टचं. मध्ये कोणीतरी मांडवली करणारा हवा होता. काका वहिनीकडे आले, टेबलाशी बसले आणि त्यांनी आपलं एकच मागणं सांगितलं.

"डबा बिघडला आणि दिवा गेला, तर मी दुसरा डबा लावीन. पण डबा बिघडताना दिवेच घेऊन गेला, तर भर नदीत मी काय लावू?"

हे वाक्य वहिनीच्या मनात रुतून बसलं. काम करायच्या दोन रीती तिच्यासमोर होत्या. पहिली एकपदरी. तिच्यात तारेचं एकच वेटोळं असतं. एक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत विजेचे घास करतो आणि ते वेटोळं त्या घासांची एकसारखी धार करतं. एकपदरी हुशार, आटोपशीर, कमी तापणारा. त्याची निंदा मी करणार नाही. पण त्याच्यात बॅटरीपासून दिव्यापर्यंत सरळ वाट असते आणि त्या वाटेवर फाटक म्हणून तो एक स्विच. स्विच चालू अवस्थेत चिकटून बसला की फाटक सताड उघडं. मग अट्ठेचाळीसच्या अट्ठेचाळीस व्होल्ट दिव्यांच्या अंगावर.

दुसरी रीत माझी. माझ्या वेटोळ्यात तारेचे दोन पदर आहेत आणि त्यांच्यामध्ये पिवळी पट्टी. इकडून तिकडे जाणारी तारच नाही. माझं काम दोन पाळ्यांत चालतं. पहिल्या पाळीत पहिला पदर बॅटरीकडून भरून घेतो, तेव्हा दुसऱ्याने गप्प बसायचं. स्विच बंद झाला की दुसऱ्या पाळीत दुसरा पदर ते सगळं दिव्यांकडे ओततो. भरायचं आणि ओतायचं, भरायचं आणि ओतायचं. माझा स्विच चिकटला तर मी मुकाट्याने मरतो. दिवे विझतात, पण जळत नाहीत. दुसरा डबा लावला की पुन्हा लागतात. म्हणजे काकांचं मागणं मी जन्मतःच पुरं करत होतो. मात्र त्यासाठी दोन्ही पदरांची टोकं ठरल्याप्रमाणेच जोडायला हवीत. एकाची टोकं उलटली तर भरणं आणि ओतणं एकाच वेळी सुरू होतं आणि सगळा भार बिचाऱ्या स्विचच्या डोक्यावर येतो.

वहिनीने मला घडवलं तेव्हा तिचा आनंद मी पाहिला आहे. जेवण थंड झालं तरी ती टेबलावरून उठायची नाही. वन्संनी माझं वेटोळं गुंडाळलं, वहिनीने पाटीवर बसवलं, आणि पहिल्याच फटक्यात टेबलावरचा बोटीचा दिवा लागला. वन्संनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि म्हणाल्या, गुणी आहे हो पोरगं. मग माझ्या मापाची ॲल्युमिनियमची पेटी आली. मला ती अंगात घातल्यावर नवे कपडे घातल्यासारखं वाटलं. महिनाभर मी टेबलावरचा दिवा लावत होतो. वहिनीकडे बोटीचा तो एकच दिवा होता, त्यामुळे पूर्ण भार माझ्यावर कधी पडला नाही. तो काकांच्या समोर, काकांनी आणलेल्या सगळ्या दिव्यांवर बघायचं ठरलं होतं.

मित्रांनो, माझं सुख इथपर्यंतच होतं.

चाचणीच्या काही दिवस आधी दुपारी वहिनी फोनवर बोलत होती. पलीकडे गुंडाळणीची यंत्रं विकणारा कोणीतरी असावा. वहिनी म्हणाली की हे काम मिळालं तर बोटींमागून बोटी येतील, हाताने गुंडाळणं आता पुरे, यंत्रच घ्यायचं. मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "घरच्या माणसाला कसं सांगायचं, तेवढाच प्रश्न आहे."

ते घरचं माणूस त्या वेळी दारात उभं होतं. वन्संच्या हातात तारेचं नवं रीळ होतं. वहिनीची पाठ दाराकडे होती, त्यामुळे तिला काही दिसलं नाही. मला दिसलं. वन्सं आल्या पावली मागे फिरल्या, आणि थोड्या वेळाने चपला वाजवत, आत्ताच आल्यासारख्या आल्या. त्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे काम केलं. फक्त मोजताना एकदा चुकल्या, तो थर उलगडला आणि पुन्हा गुंडाळला. वन्संना मोजताना चुकलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मला वाटलं, आता त्या भांडतील, रागावतील, निदान रुसून बसतील. घरात दोन माणसं भांडली तर बरं असतं हो, सगळं बाहेर तरी येतं. पण त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. वहिनीही काही बोलली नाही. सांगायचं चाचणीनंतर बघू, असं तिने ठरवलं असावं. दोघी एकाच टेबलावर बसत होत्या, एकमेकींना पाण्याचा तांब्या सरकवत होत्या, आणि दोघींच्या पोटात एकच गोष्ट होती.

चाचणीच्या सकाळी वन्संनी मला पेटीतून बाहेर काढून न्याहाळलं. महिनाभर तापून माझ्या वेटोळ्यावरची पट्टी जरा काळवंडली होती. पाहुण्यांसमोर असं मळकं ध्यान काय ठेवायचं, नवं गुंडाळून देते, असं त्या म्हणाल्या. वहिनीला केवढं बरं वाटलं. वन्संना आपल्या कामाची किती काळजी, असंच तिच्या चेहऱ्यावर होतं. वन्संनी जुनी तार कापून केरात टाकली आणि त्याच गाभ्यावर नवी तार चढवली. इतकं देखणं वेटोळं त्यांनी पूर्वी कधी केलं नसेल. वेढ्याला वेढा लागलेला, पट्टीला एक सुरकुती नाही. माझा ऊर भरून आला.

मग त्यांनी गुलाबी बाटली उघडली. पहिल्या पदराच्या टोकावर ठिपका लावला, बरोबर लावला. दुसऱ्या पदराच्या सुरुवातीच्या टोकाशी कुंचला नेला आणि तिथेच थांबल्या. कुंचल्याच्या टोकाला रंगाचा थेंब जमला होता. त्यांनी एकवार वहिनीकडे पाहिलं. वहिनी खुर्च्या पुसत होती. मग वन्संचा हात सरकला आणि ठिपका दुसऱ्या टोकाला पडला.

ज्या हाताने मला जन्म दिला, त्याच हाताने माझा गळा कापला. मी ओरडलो असतो, पण ओरडायला मला तोंड कुठे आहे? वहिनीने ठिपका पाहिला, नेहमीसारखं डोळे मिटून सोल्डर केलं. एकदा दिवा लावून बघते म्हणाली, तेवढ्यात बाहेर काकांच्या गाडीचा आवाज आला. मी पेटीत गेलो आणि झाकण बसलं.

काकांनी दिव्यांची माळ टेबलावर मांडली. वहिनीने बॅटऱ्या जोडल्या, काकांना माझी रीत समजावून सांगितली, जे विचारलं त्याची उत्तरं दिली. कौतुकाने ती म्हणाली की हा बिघडला तरी तुमच्या दिव्यांना धक्का लावणार नाही. मग तिने कळ दाबली. टप्प असा आवाज झाला. माझा स्विच उभा फाटला, पेटीच्या फटींतून काळा धूर आला आणि खोलीभर जळका वास पसरला. दिव्यांना धक्का लागला नाही, तेवढा शब्द मी मरतानाही राखला. पण ते कोणाच्या लक्षात येणार?

काका भला माणूस. ते चिडले असते तरी चाललं असतं. त्यांनी खिडकी उघडली, पेल्यातलं पाणी संपवलं आणि म्हणाले, "राहू द्या वहिनी, होतं असं." त्यानंतर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं कोणी तुमच्याकडे कधी न पाहो.

काका गेल्यावर वहिनी पुष्कळ वेळ माझा जळलेला भाग बोटाने चाचपत बसली. मग तिने वन्संना एकच प्रश्न विचारला, वेढे बरोबर होते ना? वेढे बरोबर होते, वन्सं म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. खोटं बोलायची वेळच वन्संवर आली नाही. ठिपक्याचं वहिनीने विचारलं नाही, कारण ते विचारायचं तिच्या मनातच आलं नाही. तिने आपले कागद काढले, सगळी आकडेमोड पहिल्यापासून केली, पुन्हा केली, आणि शेवटी म्हणाली की पूर्ण भार पडल्यावर हे टिकणारंच नव्हतं. माझंच गणित चुकलं.

त्या क्षणी मला वहिनीचाही राग आला. महिनाभर मी तिच्यासाठी दिवा लावला होता. दोन पेन्सिल सेल आणि सुईचा मीटर घेऊन तिने मला नुसतं तपासलं असतं तरी खरं काय ते कळलं असतं. पण वन्संवर शंका घेण्यापेक्षा तिला माझ्यावर शंका घेणं सोपं वाटलं, आणि स्वतःवर घेणं त्याहूनही सोपं. तिने माझी पेटी धुऊन-पुसून ठेवली, काकांचं मागणं आठवत असूनही स्वतःच्या आखणीवरचा भरवसा उडाल्याने बाजारातून तयार एकपदरी पाट्या आणल्या, त्यातली एक माझ्या पेटीत बसवली आणि काकांना दिली. तशा आणखी पेट्या केल्या. एकपदरीला तयार वेटोळं येतं. वन्संचं चाक त्यामुळे यंत्र न घेताच बंद पडलं. कापडात गुंडाळून ते माळ्यावर गेलं. त्याच्या शेजारी बुटांच्या खोक्यात मीही गेलो, एका मुक्या स्पीकरच्या आणि बटणं नसलेल्या रिमोटच्या संगतीला.

खोक्याला भोक होतं, त्यातून मला खालची खोली दिसायची. वन्सं आता पेट्या पुसायच्या आणि त्यांच्यावर चिकटपट्टी लावायच्या. वहिनी कोणी नवं काम घेऊन आलं की म्हणायची, मी आता स्वतःचं काही आखत नाही, तयार मिळतं तेच बसवून देते. हे ती हसून म्हणायची. प्रत्येक वेळी वन्संचा चिकटपट्टीवरचा हात थोडा थांबायचा. एकदा तरी त्या बोलतील म्हणून मी वाट पाहिली. वर्षं गेली, माझ्यावर धुळीचा थर चढला, पण वन्संचं तोंड उघडलं नाही.

मग एके दिवशी बोटवाले काका आले आणि त्यांनी टेबलावर एक पेटी ठेवली. मी तिला लगेच ओळखलं. माझीच पेटी ती. आदल्या संध्याकाळी बोट माणसांनी भरून पलीकडे निघाली होती. नदीच्या मध्यावर आतला स्विच चिकटला. दिवे आधी पांढरेफटक झाले आणि मग एकामागून एक फुटत गेले, वायरलेसमधून धूर निघाला, भोंगा मुका झाला. काठ दिसेना म्हणून काकांनी मोटर थांबवली आणि ते अंधारात घसा फोडून ओरडत राहिले. नशिबाने दुसरी बोट मागून येत होती, तिने दोर टाकून ओढून काठाला आणलं. कोणाला इजा झाली नाही, पण मुलं रडत होती आणि एक आजी काठावर उतरल्यावर किती तरी वेळ काकांचा हात सोडेनात. काकांनी हे सगळं शांतपणे सांगितलं. दोष कोणाला दिला नाही. जाताना दारात थांबून म्हणाले, "तुमचं ते पहिलं, जळलेलं, ते आहे का अजून? त्या दिवशी माझा एकही दिवा गेला नव्हता. काल रात्रभर तेच आठवत होतं."

काका गेले. वहिनीने स्टूल घेतलं, खोकं खाली काढलं आणि मला फुंकर मारली. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला हातात घेतलं होतं. तिने माझं वेटोळं पाटीवरून सोडवलं. कपाटातून सुईचा जुना मीटर काढला. मीटरची एक तार दुसऱ्या पदराच्या ठिपक्यावर धरली आणि सेल पहिल्या पदराच्या ठिपक्याला निसटता टेकवला. ठिपके खरे असतील तर सुईने उजवीकडे उडी मारायला हवी. सुई डावीकडे गेली. सेलची टोकं बरोबर धरली आहेत ना ते वहिनीने बघितलं, मीटरच्या तारा काढून पुन्हा लावल्या, पुन्हा सेल टेकवला. सुई डावीकडे गेली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वन्संचं पेटी पुसणं थांबलं होतं.

"वन्सं, जरा इकडे या," वहिनी म्हणाली. वन्सं आल्या. वहिनीने त्यांच्यासमोर पुन्हा सेल टेकवला आणि सुई दाखवली. मग ती अगदी हळू म्हणाली, "हात चुकला असेल तुमचा. त्या दिवशी घाईच होती."

वाट मोकळी होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मला वाटलं, वन्सं म्हणतील. पण त्यांची मान ताठ झाली.

"माझा हात चुकत नाही, वहिनी."

वहिनीने सेल खाली ठेवला.

"मुद्दाम लावला," वन्सं म्हणाल्या. "तू फोनवर बोललीस ते ऐकलं होतं मी. हाताने गुंडाळणं पुरे म्हणालीस. घरच्या माणसाला कसं सांगायचं म्हणालीस."

"यंत्र तुम्हीच चालवायचं, असं होतं माझ्या मनात." हे खरं होतं की तिला आत्ता सुचलं, ते मला अजून कळलेलं नाही.

"मनातलं मला कसं ऐकू येणार? फोनवरचं ऐकू आलं."

वहिनीने मला टेबलावर ठेवलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "इतकी वर्षं मी समजत होते, माझं गणित चुकलं."

"ठाऊक आहे. रोज बघत होते," वन्सं म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसत आतल्या खोलीत निघून गेल्या.

माझ्यावरचा डाग त्या दिवशी धुतला गेला, मित्रांनो. वहिनीने दुसऱ्या पदराची टोकं अदलाबदल करून मला पुन्हा पाटीवर बसवलं, नवा स्विच दिला आणि काकांकडून दिव्यांची माळ मागवून घेतली. पूर्ण भार माझ्यावर टाकला. माळेतले सगळे दिवे एकदम लागले आणि संध्याकाळपर्यंत लागलेले राहिले. वहिनीचं गणित पहिल्यापासून बरोबर होतं. ती माझ्यासमोर हनुवटीला हात लावून बसली होती. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही.

आता काकांच्या सगळ्या बोटींवर दुपदरी डबे आहेत. माझी पेटी काही मला परत मिळाली नाही, ती पार होरपळली होती. मी उघडाच टेबलाच्या मध्यावर असतो आणि दोघींना पुरेल असा एक दिवा लावतो. वन्संचं चाक माळ्यावरून खाली आलं आहे. ते वहिनीनेच काढलं, कापड झटकलं आणि न बोलता त्यांच्यासमोर ठेवलं. यंत्राचा विषय पुन्हा निघाला नाही. वन्सं पूर्वीसारख्याच पुटपुटत मोजतात, वेढ्याला वेढा लावतात. त्यांचा हात अजूनही चुकत नाही.

पण ठिपका आता त्या लावत नाहीत. पहिलं वेटोळं पुरं झालं तेव्हा त्यांनी सवयीने बाटलीकडे हात नेला होता. वहिनी म्हणाली, "राहू द्या वन्सं, मी सुईने बघून लावते." तेव्हापासून वन्सं कोरं वेटोळं पुढे सरकवतात. वहिनी सेल टेकवते, सुई उडते, मग वहिनी ठिपका लावते. प्रत्येक वेटोळं, न चुकता. सुई बारीकशी टिक वाजते, आणि तेवढा वेळ वन्सं खाली बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही जळलं, बिघडलं, तर त्याला लगेच माळ्यावर टाकू नका. आधी त्याला हातात घ्या, कोणाच्या हातून काय झालं ते बघा. आणि घरच्या माणसाला जे सांगायचं ते त्याच्या तोंडावर सांगा, त्याची पाठ फिरायची वाट बघू नका. मला नवा स्विच मिळाला आणि मी पुन्हा उजळलो. वहिनी आणि वन्सं माझ्याच उजेडात बसतात, एकमेकींना पाण्याचा तांब्या सरकवतात, कधीमधी हसतातही. गुलाबी बाटली मात्र टेबलाच्या वहिनीकडच्या टोकाला असते.